प्रतिसाद : विषय नाशिकचा, पदवी कुठल्या शाखेत?

ताई, नोकरी सांभाळून सामाजिक उद्योजकतेत पीएचडी आणि पुढे प्राध्यापकी जमेल का, हा तुमचा प्रश्न. जमेल, पण आधी शाखा ठरवा. प्राध्यापकीसाठीच्या 'नेट' या पात्रता परीक्षेत 'सामाजिक उद्योजकता' (समाजाचे प्रश्न उद्योगातून सोडवणं) असा स्वतंत्र विषय नाही. व्यवस्थापन किंवा समाजकार्यातून जावं लागतं. पदव्युत्तर पदवी एका शाखेत आणि पीएचडी दुसऱ्याच शाखेत झाली, तर मुलाखतीपर्यंत पोचण्याआधीच छाननीत अर्ज अडकू शकतो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी चालते, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत 3 ते 6 वर्षं. पुनर्नोंदणीनंतर स्त्रियांना आणखी 2 वर्षांची सवलत, शिवाय प्रसूती-बालसंगोपन रजा 240 दिवसांपर्यंत. ही रजा नियमांतच दिलेली आहे, संकोच न करता मागा.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या (शेतकरीच भागधारक असलेल्या) अभ्यासाला घेणार असाल तर जानेवारी ते एप्रिल मुलाखती ठेवू नका, द्राक्षतोडणीत कोणाला उसंत नसते. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची द्राक्षवेलींची छाटणीही टाळा, जुलै-ऑगस्ट बरा. आणि निव्वळ भागधारकांच्या नोंदवहीवर विसंबू नका. सातबारा नवऱ्याच्या नावावर म्हणून शेअरही त्याच्याच नावावर, अशी घरं भेटतील. मणी विरळणारी, घड निवडणारी बाई कागदावर दिसतच नाही. कुठे नाव तिचं असतं, पण पुढे लिहिलेला मोबाईल नंबर त्याचा. तुमचा खरा शोध तिथेच आहे.