‘आक्रमक प्रजाती’ हा शब्द बरोबर आहे का?

रानवाट: वन्यजीवांवरचा एक लेख मराठीत लिहितेय. ‘इन्व्हेजिव्ह स्पीशीज’साठी सगळीकडे ‘आक्रमक प्रजाती’ दिसतं आणि ते मला खटकतं. आक्रमक म्हटलं की अंगावर धावून येणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. आता केन टोड हा मोठा विषारी भेक घ्या. उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून १९३५ साली तो हवाईहून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आणला. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर, त्यांच्या अळ्या मातीखाली मुळं कुरतडत. टोडचा उपयोग झालाच नाही. हा प्राणी आपल्याहून मोठ्या प्राण्याच्या वाटेला जात नाही. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी; कुणी तोंडात धरला की त्यातून दुधासारखं विष पाझरतं. त्याला खायला जाणारे क्वोल (मांजराएवढे मांसाहारी शिशुधान प्राणी) आणि घोरपडी मरतात. याला आक्रमक कसं म्हणायचं?

मूळाक्षर: आपण ‘वाट आक्रमणे’ म्हणतो, तिथे हल्ला कुठे आहे? संस्कृतात आ-क्रम् म्हणजे पाऊल टाकत जाणं, व्यापणं. त्या अर्थाने शब्द अगदी चपखल आहे. टोड दरवर्षी नवा मुलूख व्यापतोच आहे.

रानवाट: व्युत्पत्ती पटली. पण वाचक शब्द वाचतो तो आजच्या अर्थाने. ‘घुसखोर’ चालेल?

मूळाक्षर: नको. घुसखोर स्वतःहून शिरतो. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेपायी चोवीस ससे सोडले, ते माणसाने. ‘उपरा’ही नको, तो शब्द माणसांना हिणवायला इतका वापरला गेलाय की मला तो प्राण्यांसाठीही लिहवत नाही.

पाणथळ: ‘परकी’ आणि ‘आक्रमक’ एकाच अर्थाने वापरू नका, ही विनंती. परकी म्हणजे बाहेरून आणलेली, एवढंच. अशा कित्येक प्रजाती कुणाचं काही बिघडवत नाहीत. पसरून स्थानिकांना संपवू लागली की मगच दुसरं विशेषण. क्रियापद हवं असेल तर ‘बोकाळणे’ आहेच, अर्थ नेमका पोचतो.

आणि ‘नियंत्रण’ व ‘निर्मूलन’ यांतही गल्लत नको. नियंत्रणात संख्या आटोक्यात ठेवायची असते, म्हणजे ते काम कायमचं. निर्मूलनात शेवटचा प्राणीसुद्धा उरता कामा नये. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या मधल्या मॅक्वारी बेटावर २००० पर्यंत मांजरांचं निर्मूलन झालं, समुद्रपक्ष्यांसाठी ते हवंच होतं. पण सशांना खाणारी मांजरं गेल्यावर ससे बोकाळले आणि त्यांनी डोंगरउतारांवरचं गवत पार खाऊन टाकलं.

मूळाक्षर: दोष एकट्या मांजरांच्या जाण्याला नको. सशांना मारण्यासाठी सोडलेला मिक्सोमा हा रोगाचा विषाणूही तोवर बोथट झाला होता.

पाणथळ: बरोबर, दोन्ही कारणं होती. शेवटी ससे, काळे उंदीर, छोटे घरउंदीर असं सगळं एकत्र काढावं लागलं. २०१४ साली बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं.

रानवाट: मग लेखात पहिल्यांदा ‘परकी आक्रमक प्रजाती’ लिहून अर्थ सांगते, पुढे ‘बोकाळलेली’. टोडच्या परिच्छेदात मात्र ‘आक्रमक’ येऊ देणार नाही.