मदत हवी आहे : मामा, केळी आणि हॅम्बुर्गमधले नऊ दिवस

बारा चौरस मीटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात मामाच्या ओसरीवर बसून हे लिहितोय. बाहेर पाऊस आहे, आत 'लाइट किती वाजता येईन' यावर चर्चा चालू आहे. मी हॅम्बुर्गला मास्टर्स करतो. उन्हाळी सेमिस्टर संपल्यावर घरी आलो, आता परत जाताना मामा बरोबर येतोय. व्हिसा, विमा, तिकिटं सगळं झालंय, तेव्हा कागदपत्रांवर सल्ला नको. अडलंय ते पुढच्या नऊ दिवसांत त्याला काय दाखवायचं यावर.

मामाचं वय ६१. केळीची बाग, थोडा कापूस. माळकरी आहे. चातुर्मास चालू असल्याने कांदा, लसूण, वांगं बंद. गुडघा दुखतो, पण कबूल करत नाही. मराठीसुद्धा आपली लेवा बोलीच बोलतो, इंग्रजीचा प्रश्नच नाही. पंढरपूर, दिल्लीची आझादपूर मंडी आणि एकदा रामेश्वर, एवढा त्याचा प्रवास. तारखाही पंचांगाने ठरल्या. पोळा झाल्याशिवाय बैलांना सोडून निघणार नाही आणि पित्र लागायच्या आत घरी पोचलं पाहिजे. घरचा गणपती मामी बघणार. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

मी यादी केली होती. रातहाउस (म्हणजे नगर-सभागृह), मिखाएल चर्चचा मनोरा, एल्बफिलहार्मनी हे संगीतगृह, आल्स्टर तलावातली बोट, मिनिआटुर वुंडरलांड हे छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन. काल जेवताना वाचून दाखवली. रातहाउसमध्ये ६४७ खोल्या आहेत म्हटल्यावर मामाने विचारलं, "झाडतं कोन?" मनोरा १३२ मीटर म्हटल्यावर भाकरी कुस्करत राहिला. शेवटी म्हणाला, "मले ते महाल-गिहाल नको दाखवू भो. तिकडचे लोक केयी खातात ना? ती कुठून येते ते दाखव."

आता झाली पंचाईत. मी दोन वर्षं तिथे केळी खातोय. स्टिकरवर इक्वाडोर नाहीतर कोलंबिया लिहिलेलं असतं, यापलीकडे मला काही माहीत नाही. बंदरात ती कुठे उतरतात, बाहेरच्या माणसाला बघू देतात का, काही कल्पना नाही.

आणखी एक, ते जरा अवघड आहे. माझ्या शैक्षणिक कर्जाला तारण आहे तो भुसावळचा प्लॉट मामाचा. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो भरले, त्यातला मोठा हिस्सा एका चांगल्या हंगामाच्या केळीचा. मी तिथे आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासतो. घरी सांगताना 'हॉटेलात काम करतो' म्हटलं, आणि गावात त्याचं 'हॉटेलात मॅनेजर' झालं. मी ते दुरुस्त केलं नाही. मामा नऊ दिवस माझ्या बारा चौरस मीटरच्या खोलीत राहणार. संध्याकाळी चारला निघून रात्री अकराला परतलो की त्याला कळणारच. ते नऊ दिवस सुट्टी घेऊ की सांगून टाकू?

खाण्याचंही सुचवा. सामायिक स्वयंपाकघर आहे, शेजारच्याच्या कढईत काय शिजतं ते विचारू नका.

---

एल्बेकाठी

नऊ वर्षं हॅम्बुर्गात आहे, मूळ चोपड्याची. तुमची यादी टाकून द्या, मामांची बरोबर आहे.

पहिला दिवस एल्बे नदीचा ठेवा. लांडुंग्सब्र्यूकनच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी घ्या, फिंकेनवेर्डरपर्यंत. ही पर्यटकांची बोट नाही, शहराच्या बसच्या तिकिटातच चालते. समोर क्रेन, गोद्या, कंटेनरचे डोंगर, मधूनच वाळूचा काठ. वरच्या डेकवर बसा, पण मामांना टोपी धरून ठेवायला सांगा. इथला वारा टोपी ठेवत नाही, माझ्या सासऱ्यांची एल्बेत गेली.

मग त्यांना पाणी दाखवा. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे, तरी नदीला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. पातळी साडेतीन मीटरच्या वर चढते-उतरते. धक्का तरंगता आहे, म्हणून ओहोटीला त्याचा पूल उतरता दिसतो, भरतीला जवळपास सपाट. तापीकाठच्या माणसाला नदी उलटी वाहताना दाखवणं, याहून मोठं काही या शहरात नाही. माझे वडील त्या पुलावर दोन तास उभे होते. चहा तिथेच नेऊन दिला.

जवळच जुना एल्बे बोगदा आहे, १९११ सालचा. नदीच्या तळाखालून ४२६ मीटर चालत जायचं. चालणाऱ्यांना फुकट, उतरायला लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. पलीकडे निघालात की सगळं शहर समोर दिसतं. मनोऱ्यावर चढायची गरजच उरत नाही.

आता केळी. माल उतरतो ते टर्मिनल कुंपणाच्या आत आहे, असं सहज सोडत नाहीत. बंदराची लाँच-फेरी घेतली तर बाहेरून दिसेल. मामांना एवढं सांगा की तिकडून हिरवीच निघतात, १३-१४ अंशांत गार करून आणतात आणि इथे आल्यावर बंद खोल्यांत इथिलीन वायू सोडून पिकवतात. म्हणजे आपल्याकडचं रायपनिंग चेंबरच, फक्त मधे एक महासागर.

---

भुसावळ जंक्शन

वा, धागा आवडला. पण मुख्य गोष्ट कोणी सांगितली नाही. मामाला त्याची स्वतःची केळी बरोबर घेऊन जाता येतात!

युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं-भाज्या नेताना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, १४ डिसेंबर २०१९पासून हा नियम कडक झालाय. त्यातून पाच फळं सुटली आहेत. अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. आंबा नाही, हिरवी मिरची नाही, कढीपत्ता नाही, भरताची वांगी तर नाहीच (तसंही चातुर्मास). आपलं केळ मात्र राजासारखं जातं. मी लाइपत्सिगला असताना हे वाचून एकटाच हसलो होतो.

उलट तूप, पेढे, श्रीखंड, खवा काही नेऊ नका. दुधाचा कुठलाही पदार्थ चालत नाही. मामीने डबा भरला असेल तर आत्ताच बोला, विमानतळावर कचऱ्यात जाताना बघवत नाही.

बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, मसाला, शेंगदाण्याची चटणी (लसूण न घालता) न्या. एक लोखंडी तवा आणि एक पातेलं स्वतःचं ठेवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कढईचा विषयच संपला. भाद्रपदातली एकादशी नेमकी तुमच्या नऊ दिवसांत येते, तेव्हा साबुदाणा आणि भगर इथूनच घ्या.

---

बारा चौरस मीटर

@एल्बेकाठी, नदीचं डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या पुलावरून दोन वर्षं ये-जा करतोय आणि तो कधी उतरता, कधी सपाट का असतो हे मलाही आत्ता कळलं.

@भुसावळ जंक्शन, केळीचं मामाला वाचून दाखवलं. आधी पटेना. "आंबा नाही आन् केयी चालते?" तीनदा विचारून खात्री केली. मग टॉर्च घेऊन पावसात बागेत गेला. तुपाचा डबा खरंच भरून तयार होता. मामी आता माझ्याशी बोलत नाही.

रविवारच्या फिशमार्क्टबद्दल, म्हणजे मासळी बाजाराबद्दल, विचारायचं राहिलं. तिथे फळांचा लिलाव चालतो असं ऐकलंय. पण नावातच मासे, आणि हा माळकरी.

---

एल्बेकाठी

जरूर न्या! १७०३पासूनचा बाजार आहे. उन्हाळ्यात पहाटे पाच ते साडेनऊ, म्हणजे मामांच्या रोजच्या वेळेत. माशांच्या गाड्या आहेत, वासही आहे, ते लपवून चालणार नाही. पण फळवाले वेगळे उभे असतात. गाडीवर चढून घसा फाटेपर्यंत ओरडतात, टोपली भरता भरता भाव पाडतात, गर्दीत केळी फेकतात. भाषा समजायची गरज नाही, आझादपूर पाहिलेल्या माणसाला सगळं कळेल. आधी सांगून न्या आणि नको म्हणाले तर आग्रह करू नका.

आणि एक दिवस आल्टेस लांडला द्या. फिंकेनवेर्डरला उतरून क्रान्त्सकडे जाणारी बस आहे. उत्तर युरोपातल्या सगळ्यात मोठ्या फळबागांच्या पट्ट्यांपैकी हा एक, सफरचंदांचा. तुम्ही जाल तेव्हा तोडणी चालू असेल. बागायतदार रस्त्याकडेला पेट्या मांडून बसतात, काही ठिकाणी पैसे टाकायला नुसता डबा असतो. तिथे मामांना हे सांगा की एप्रिलमध्ये फुलोऱ्यात कडाका पडला तर हे लोक रात्रभर झाडांवर स्प्रिंकलरने पाणी मारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून बर्फाच्या कवचातली कळी वाचते. आपल्याकडे थंडीत केळीला चरका बसू नये म्हणून बांधावर धूर करतात ना, तेच दुखणं, औषध उलटं.

---

धुळेकरीण

फिरायचं सगळं झालं, भांड्यांचं कोणी बोललं नाही.

माझी आई मला भेटायला परदेशात आली तेव्हा मी सहा दिवस कामावरून सुट्टी घेतली, मैत्रिणीची मोठी खोली माझी म्हणून दाखवली. सातव्या दिवशी घरमालकीण मैत्रिणीच्या नावाने पत्र घेऊन आली. आई काही बोलली नाही. परत गेल्यावर फोनवर फक्त म्हणाली, "त्या पोरीला माझ्यामुळे सहा दिवस कुठे झोपावं लागलं गं?" त्याला आता अकरा वर्षं झाली, अजून मला उत्तर सुचलेलं नाही.

सुट्टी घेऊ नका. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तुम्ही कायद्याने करताय, चोरी नाही. पण त्याचं भाषणही करू नका. चुलीपाशी बसून, निघायच्या आधी, सहज सांगा. तिथे गेल्यावर कळलं तर तो धक्का, इथे कळलं तर बातमी.

---

भुसावळ जंक्शन

+१. शिवाय मामा स्वतः केळीच्या वॅगन भरलेला माणूस असणार. सावदा, रावेर स्टेशनवर हमाली बघितलेल्याला भांड्यांचं काय? गावाच्या 'मॅनेजर'चं मात्र तुम्हीच निस्तरा.

हो, आणि तिकीट. तुमच्याकडे विद्यार्थी पास असेल, मामासाठी महिन्याचं डॉइचलांडटिकेट (देशभरच्या बस-लोकलला चालणारं तिकीट) काढलंत तर लक्षात ठेवा, ते चालू राहणारं सदस्यत्व आहे. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. नुसते नऊ दिवस आहेत, सकाळी नवानंतर चालणारं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं का तेही जोडून बघा. आणि रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी-दूध आणून ठेवा, नाहीतर गणपतीच्या दिवसांत पाहुण्याला ब्रेड-जाम.

---

बारा चौरस मीटर

मंडळी, सांगितलं.

चुलीपाशी नाही, बागेत. मामा ठिबकच्या नळ्या बघत होता, मी मागे मागे. म्हटलं, मामा, मी तिथे मॅनेजर नाही, भांडी घासतो. त्याने नळीचं तोंड पुसलं, फुंकर मारली, परत बसवली. मग विचारलं, "तासाचे किती देतात?" मी सांगितलं. त्याने मनात गुणाकार केला असावा, कारण थोडं थांबून म्हणाला, "गरम पाणी देतात ना?" देतात म्हटलं. विषय संपला. पुढच्या ओळीत जाऊन त्याने दुसरी नळी उचलली.

रात्री जेवताना मामीला त्यानेच सांगितलं, आणि मामीने दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्या ताटात भाकरी वाढली. तुपाशिवाय.

आता कार्यक्रम असा ठरलाय. नदी आणि बोगदा, आल्टेस लांड, रविवारचा बाजार (मामा म्हणाला, "मासे त्याहीचे, डोये आपले, पाह्यला काय जातं"), बंदराची लाँच. ज्या तीन दिवशी माझं काम, त्या दिवशी तो आल्स्टरच्या काठी बसणार किंवा खोलीत हरिपाठ. एकदा हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत येईन म्हणतोय. रातहाउस यादीतून गेलं. ६४७ खोल्यांचं उत्तर मात्र त्याला अजून हवंय.

एकच तिढा उरलाय, जाणकारांनी सांगावं. मामाला पूर्ण घडच न्यायचा होता, २२ किलोचा. कसंबसं एका फणीवर आणलंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भुसावळहून रात्रीची गाडी, मग मुंबई, मग विमान, मधे एक बदल. पाऊण तयार फणी कापली तर पोचेपर्यंत हिरवी राहील ना? त्याचं म्हणणं, राहील, आणि तिथे चार-पाच दिवसांत पिकेल, म्हणजे रविवारच्या बाजारात बरोबर. तिथल्या केळीवाल्याला त्याला ती खायला द्यायची आहे.

झाड हेरून ठेवलंय. खोडाला लाल चिंधी बांधून आलाय.