गच्चीची किल्ली, ओळंबा आणि आमच्या भूगोलाच्या बाई

१४ मे, मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप

बी-५०२ (रात्री ८:५२): नमस्कार. परवा, १६ मेला दुपारी १२ ते १ गच्चीची किल्ली मिळेल का? ए विंगच्या बाजूला वॉटरप्रूफिंगचं काम चालू आहे, माहीत आहे. आमच्या विंगकडच्या कोपऱ्यात चार फूट जागा पुरे. एक काठी उभी करायची आहे.

सेक्रेटरी, ए-१०१: काका, काठी कसली? डिश बसवायची असेल तर कमिटीला अर्ज द्यावा लागेल.

बी-५०२: डिश नाही हो. परवा आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस आहे. सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. पाच-सात मिनिटांचा खेळ. मुलांना दाखवावं असं मनात आहे.

सी-२०३ (आईच्या फोनवरून): काका, पण बातमीत मुंबईची तारीख १५ मे दिली आहे. म्हणजे उद्या.

बी-५०२: शाब्बास, नीट वाचलंस. उद्या दक्षिण मुंबईत, लालबागकडे. मुलुंड लालबागच्या उत्तरेला आहे, म्हणून आपल्याकडे परवा. या दिवसांत सूर्य रोज जेमतेम पाव अंश उत्तरेकडे सरकतो. त्याला लालबागहून मुलुंडला यायला एक दिवस लागतो. हे मला सहावीत आमच्या बाईंनी शिकवलं.

सी-४०४: सूर्य रोजच दुपारी बारा वाजता डोक्यावर असतो ना?

बी-५०२: वहिनी, बाईंचा पहिला तास याच वाक्यावर झाला होता. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो.’ आणि म्हणाल्या, मैदानात जा, बघून या, मग सांगा हे वाक्य ठेवायचं की पुसायचं. आम्ही चाळीस पोरं. वर बघून डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा खाली बघायला लागलो आणि सावली सापडली. बाराच्या ठोक्याला प्रत्येकाच्या पायाशी सावली होती! वाक्य पुसलं.

ए-६०३: काका, पूर्ण सांगा ना. जेवणं झाली आहेत सगळ्यांची.

बी-५०२: लिहितो. बोट हळू चालतं, सांभाळून घ्या.

बी-५०२: आमची शाळा लालबागला, महापालिकेची. वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आमच्या भागात घड्याळ असलं काय, नसलं काय, गिरणीच्या भोंग्यावर सगळं चालायचं. भोंगा झाला की आई डबा भरायची, भोंगा झाला की नळावरची रांग हलायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. अडीच लाख कामगार घरी बसले. आम्हा मुलांना त्यातलं एवढंच कळायचं की वडील दुपारी घरात असतात आणि कुणी मोठ्याने बोलत नाही.

बी-५०२: त्या आठवड्यात बाईंनी मैदानाच्या कोपऱ्यात बांबू रोवला. गणपतीच्या मांडवाचा बांबू, मंडळाच्या पोरांकडून मागून आणलेला. बाई ठेंगण्या, आवाज मात्र जिन्यापर्यंत जायचा. पदर खोचून स्वतः पहारीने खड्डा घेत होत्या. माझे वडील शाळेत आले होते, त्यांनी पहार हातात घेतली. मग खिशातून सुतळी काढून तिला नट बांधला आणि ओळंबा करून दिला. बांबू सगळ्या बाजूंनी सरळ आहे का, ते तो लावून पाहिलं. संप सुरू झाल्यापासून वडिलांना काहीतरी नीट करताना मी पहिल्यांदा बघत होतो. बाई त्यांना म्हणाल्या, ‘भोंगा बंद आहे, आता वेळ आपणच काढू.’

ए-६०३: 🙏

बी-५०२: रोज दुपारी दोन मुलं उन्हात बसून दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. सर्वांत आखूड सावली पडते तो खरा मध्यान्ह. फेब्रुवारीत तो १२:५३ला येत होता, एप्रिलच्या मध्यावर १२:३९ला. परवा मुलुंडला साधारण १२:३५ला येईल.

सी-४०४: बारापासून इतका लांब का पण?

ए-३०२ आजोबा: मी सांगतो. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंश, तिकडे मिर्झापूरजवळून जातं. मुंबई ७३ अंशाच्या जरा अलीकडे. एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो, म्हणून आपली दुपार सुमारे ३९ मिनिटं उशिरा. आमच्या लहानपणी मुंबईची स्वतःची वेळच होती. १९०६ला देशाची प्रमाणवेळ आली, तरी शहराने मुंबई टाइम १९५५पर्यंत सोडला नाही. घरात हमखास प्रश्न असायचा, गाडीची वेळ कुठल्या टाइमाची? वडिलांना स्टँडर्ड टाइम परका वाटायचा. तुमच्या बाईंचा बांबू मुंबई टाइम दाखवत होता!

बी-५०२: आजोबा, अगदी बरोबर. बाईंनी हेच सांगितलं होतं. आणि महिन्यागणिक जो फरक पडतो तो पृथ्वीचा आस कलता आहे आणि कक्षा लंबगोल आहे म्हणून. ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. कागदावर नुसत्या वेळा लिहीत जा म्हणाल्या. वेळ बदलते आहे हे आमच्याच वहीत आम्हाला दिसलं, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे धावलो.

बी-४०१: काका, मध्येच लिहितो, माफ करा. माझे रात्रशाळेचे इंग्रजीचे सर आठवले. दिवसा नोकरी करून रात्री आम्हाला शिकवायचे. मी दादरला गाडीवर वडे तळून वर्गात यायचो, अंगाला तेलाचा वास. मी मागच्या बाकावर बसायचो. सर मला रोज पुढे बोलवायचे आणि धडा वाचायला लावायचे. दहावी झालो ते त्यांच्यामुळे.

ए-६०३: आमचे चित्रकलेचे सर. एलिमेंटरीच्या परीक्षेला माझ्याकडे ब्रश नव्हता. त्यांनी स्वतःचा ६ नंबरचा दिला, परत घेतलाच नाही. अजून आहे माझ्याकडे.

सेक्रेटरी, ए-१०१: उद्या सकाळी ११ ते ४ पाणी बंद, टाकी धुणार आहेत. आधी भरून ठेवा. काका, तुम्ही लिहा, मी वाचतोय.

बी-५०२: आता खरी गोष्ट. शून्य सावलीचा दिवस मुंबईत वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी. जुलैत ढग. मेमध्ये शाळा बंद, लालबाग-परळची निम्मी मुलं गावाला. बाईंनी या अडचणीलाच कामाला लावलं. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कोरं पोस्टकार्ड दिलं, वर शाळेचा पत्ता त्यांच्याच अक्षरात. म्हणाल्या, ‘ज्याच्या त्याच्या गावी काठी रोवा. सावली कधी नाहीशी झाली, ती तारीख कळवा.’ कुठल्या गावाला कुठली तारीख, हे त्यांना ठाऊक असणारच. एकालाही सांगितली नाही.

सी-४०४: पण एका दिवसात कळतं का? थोडी सावली आणि शून्य सावली यात फरक तो किती!

बी-५०२: हाच प्रश्न आमच्या वर्गात निघाला. एक मीटरच्या काठीची मध्यान्हाची सावली एका दिवसात फक्त ४ मिलिमीटर बदलते. म्हणून बाईंनी सांगितलं, एका दिवसावर विसंबू नका, पाच-सहा दिवस बघा. आधी मध्यान्हाची सावली काठीच्या उत्तरेला असते. मग एक दिवस ती दक्षिणेला गेलेली दिसते. ती जेव्हा बाजू बदलते, तो तुमचा दिवस.

बी-५०२: आमचं गाव कणकवलीजवळ. त्या मेमध्ये वडिलांनी मला आणि आईला गावी धाडलं. संप मिटायची चिन्हं नव्हती. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, काठी रोवली, रोज दुपारी जाऊन उभा. आजी ओरडायची, ‘रे, भर उन्हात कित्याक उभो रवलंस?’ ५ मेला सावली दिसेना, ६लाही दिसेना. मी कार्डावर लिहिलं, ‘५ किंवा ६. काठी सरळ आहे असे वाटते.’

बी-५०२: जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी मी गावीच. वडील शाळेत दाखला काढायला गेले. बाईंनी दिला नाही. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत थांबा, तोवर नाव मी ठेवते. आणि मला पत्र आलं. पोस्टमनने माझ्या नावाने हाक मारली, आयुष्यातलं पहिलं पत्र. ते पाठ आहे. ‘असे वाटते म्हणजे काय? वडिलांनी करून दाखवला तसा ओळंबा कर आणि तुझी काठी तपास. ऑगस्टमध्ये सूर्य परत तुझ्या गावावरून दक्षिणेला जाईल. ढग असतील, तरी दुपारी घराबाहेर ये. आई कशी आहे? गावच्या शाळेत जाऊन बस, मी गुरुजींना लिहिले आहे.’

ए-६०३: गुरुजींनाही लिहिलं!

बी-५०२: हो. गुरुजींनी मला त्या पत्रावर सातवीत बसवून घेतलं, दाखला मागितला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य परत येतो हे मला तेव्हा कळलं. रोज दुपारी छत्री घेऊन खळ्यात. पाऊस, पाऊस, पाऊस. एका दिवशी ढग फाटले, दोन-तीन मिनिटं ऊन पडलं. काठीच्या बुडाशी सावली नव्हती. ओळंबा लावलेला होता. आजीला ओढत बाहेर आणलं. ती काठीकडे बघून हात जोडून उभी राहिली.

बी-५०२: दिवाळीनंतर काकांनी मला मुंबईत आणलं. वर्गात शिरलो तर भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर सगळ्यांची पोस्टकार्डं दोऱ्याने जोडलेली. खाली सिंधुदुर्ग ५-६ मे, वर रत्नागिरीकडची कार्डं ८-९, साताऱ्याची १०-११, जुन्नरकडची १५-१६. तारखा कशा वर चढत जातात, ते हाताने दाखवता येत होतं. सूर्य मेमध्ये कोकणातून घाट चढून देशावर जातो, असं मला त्या दिवशी दिसलं. माझं कार्ड सगळ्यांत खाली. बाजूला बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तपासायचे आहे.’ मी ऑगस्टचं सांगितलं. त्यांनी खोडरबर माझ्या हातात दिलं.

(१५ मिनिटं कुणाचाच मेसेज नाही)

ए-३०२ आजोबा: किती वर्षं होत्या त्या शाळेत?

बी-५०२: निवृत्त होईपर्यंत. वडिलांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. संप तर कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. वर्गातली सात-आठ मुलं परत आलीच नाहीत. बाई दर परीक्षेआधी त्यांना कार्ड टाकायच्या. मी पुढे सर्वेअर झालो. पहिल्या पगाराला त्यांच्या घरी गेलो, पेढे घेऊन. त्यांनी विचारलं, ‘साइटवर ओळंबा स्वतः लावतोस की दुसऱ्याला सांगतोस?’ २००३मध्ये त्या गेल्या. मी तेव्हा नांदेडला कामावर होतो, चार दिवसांनी कळलं. त्याची खंत आहे, अजून आहे.

सी-४०४: डोळे भरून आले काका.

सेक्रेटरी, ए-१०१: परवा ११:३०ला मी स्वतः किल्ली घेऊन वर येतो. मुलांना कठड्यापासून लांब ठेवू. आईवडिलांपैकी एक जण बरोबर हवा. टोपी आणि पाणी आणा, सूर्याकडे थेट बघायचं नाही.

१६ मे

बी-५०२ (दुपारी १२:०८): वर आलो आहे. पाइपचा तुकडा उभा केलाय. वॉटरप्रूफिंगचे मिस्त्री जेवायला बसले होते, विचारलं, सावलीसाठी ओळंबा देता का? त्यांनी काही न विचारता पिशवीतून काढून दिला, मग जेवण सोडून स्वतःच लावायला आले.

सी-२०३ (आईच्या फोनवरून): १२:२० सावली ६ सेंटिमीटर. खूण केली.

सी-२०३ (आईच्या फोनवरून): १२:२९ अडीच सेंटिमीटर!!

ए-६०३: माझा तांब्या, आजीचं लाटणं, दोन पाण्याच्या बाटल्या, सगळं ओळीने उभं आहे. १७ मुलं आहेत.

सी-२०३ (आईच्या फोनवरून): १२:३५ गेली. गेली!! कुठल्याच बाजूला नाही.

बी-४०१: [फोटो]

ए-३०२ आजोबा: मला जिना चढवत नाही. खिडकीच्या गजातून बघितलं, खालच्या दिव्याच्या खांबाला सावली नाही. ८७ वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

सेक्रेटरी, ए-१०१: मिस्त्री विचारतात, त्यांच्या गावी, सोलापूरकडे, कधी?

बी-५०२: त्यांच्याकडे होऊन गेली, आठवडाभर झाला असेल नसेल. ऑगस्टच्या सुरुवातीला परत येईल. त्यांच्या मुलाला सांगा म्हणावं, ओळंबा घरात आहेच.

सी-२०३ (आईच्या फोनवरून): काका, आम्ही उद्या आजीकडे धुळ्याला जातोय. तिथे कुठल्या तारखेला?

बी-५०२: सांगणार नाही. काठी रोव आणि बघ. सावली बाजू बदलेपर्यंत थांब. मग मला पोस्टकार्ड टाक.

सी-२०३ (आईच्या फोनवरून): पोस्टकार्ड कुठे मिळतं?

बी-५०२: स्टेशनजवळच्या पोस्टात. संध्याकाळी चल माझ्याबरोबर. सतरा घेऊ, पत्ते मी घालून देतो.