प्रतिसाद: रेड कार्पेट आणि कुणबी साडी

इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रेड कार्पेटवर गोव्याचं काहीच दिसत नाही, सगळे मुंबईचे गाऊन, हे मूळ लिखाणात म्हटलंय ते पटलं. पण त्यातलंच 'कुणबी साडी नाचाच्या पथकालाच शोभते' हे वाक्य मनाला लागलं.

गोव्यातल्या कुणबी या शेतकरी समाजातल्या बायकांची ही साडी. माझी आजी शेतात तीच नेसायची. लाल चौकडीचं जाड सुती कापड, गुडघ्याच्या जरा खाली, पदराची खांद्यावर घट्ट गाठ. चिखलात रोप लावताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ती गाठ. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की आम्ही नातवंडं त्यावरच झोपायचो. पिन नाही, परकर नाही, तरी दिवसभर हलायचं नाही. गाऊनचा घोळ सावरायला सोबत माणूस लागतो, ते बघितलं की मला आजीची गाठ आठवते.

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या साडीचं मोल ओळखलं होतं. विणकामच थांबत आलेली ही साडी त्यांनी पुन्हा विणून घेतली आणि फॅशन शोच्या मंचावर आणली. त्यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. गोव्यातल्या कोलवाळ गावच्या त्या माणसाचं ऋण मी तरी विसरणार नाही.

इफ्फी 2004 पासून पणजीत आहे. सुवर्ण मयूर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार देण्याच्या संध्याकाळी एखाद्या नटीनं ही साडी नेसावी, पण गाठ खांद्यावरच हवी. पिन लावून निऱ्या काढल्या तर ती नुसती चौकडीची साडी.