घरात दोन कुत्री आहेत, नानखटाईत साखरेऐवजी काय घालू?

अमळनेरची सूनबाई
ह्यांना शुगर निघाल्यापासून नानखटाई, केक सगळं घरीच ओटीजीत करते. मैदा बंद. बदामाचं पीठ परवडत नाही, म्हणून भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि बांधायला अंडं नि चमचाभर इसबगोल. अडतं ते गोडाशी. दिरांनी पुण्याहून झायलिटॉलचा पुडा पाठवलाय. साखरेइतकंच गोड, साखरेइतकंच घालायचं, मला सोयीचं. पण जाऊबाई म्हणतात, कुत्र्यांना ते विष. मोती १४ किलोचा, स्वभावाने गरीब. चिंगी जेमतेम ६ किलोची, पण थेट ओट्यावर चढते. त्यात सासूबाई चहात बुडवलेली नानखटाई तिला भरवतात, कितीही सांगा. माणसाला चालतं ते कुत्र्याला का चालू नये? गूळ-खजूर सुचवू नका, शुगर त्यानेही चढते.

मेडिकलवाला, धुळे
ताई, जाऊबाईंचं ऐका. झायलिटॉलने माणसाचं इन्सुलिन फारसं हलत नाही. कुत्र्याच्या अंगात मात्र इन्सुलिन भसाभस सुटतं आणि बहुतेकदा तासाभरातच रक्तातली साखर कोसळते. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी हे होऊ शकतं, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी व्हायची भीती. आता हिशोब करा. १५० ग्रॅम घालून २० नानखटाया केल्या तर एकीत साडेसात ग्रॅम. चिंगीच्या यकृताला ३ ग्रॅमपासून धोका, म्हणजे अर्धी नानखटाईसुद्धा जास्तच. मोतीला धोक्यात आणायला एक पुरे.
पुड्यावर पुढे काय छापलंय ते सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे गोडीच्या पदार्थाचा नंबर असतो. ९६७ म्हणजे झायलिटॉल. साखरेऐवजी वापरतात ते बाकीचे: ९६८ एरिथ्रिटॉल, ९६० स्टीव्हिया, ९५५ सुक्रालोज. 'बर्च शुगर' लिहिलं असेल तर तेही झायलिटॉलच. शुगर फ्री च्युइंगम, माउथवॉश, काही पीनट बटर यांतही असतं.

बागायतदार, रावेर
कसाले एवढी भानगड? कळण्याची भाकरी नि भरीत खा, गोड सोडा.

भट्टीवाली, भुसावळ
दादा, भरीत आम्हीपण खातो, पण चहासोबत नाही ना!
सूनबाई, मी एरिथ्रिटॉल वापरते. नेहमीच्या प्रमाणात कुत्र्यांना त्याची विषबाधा होत नाही, फार खाल्लं तर पोट बिघडेल. गोडी साखरेच्या सत्तर टक्के. ती भरून काढायला आणखी ओतू नका. जिभेला गार गार लागतं आणि थंड झाल्यावर त्याचे खडे परत जमतात, नानखटाई करकर वाजते. मिक्सरला पिठीसाखरेसारखं दळा आणि कमी पडलेल्या गोडीला चिमूटभर स्टीव्हिया. चिमूटभरच, नाहीतर कडवट मागचव राहते. नुसत्या स्टीव्हियावर जाऊ नका, साखरेचं आकारमान त्याला नाही, पीठ बसतं.
रंगाची वाट बघत बसू नका. एरिथ्रिटॉल साखरेसारखं तांबूस होत नाही. कूट खरपूस भाजून घेतलंत तर रंग तिथूनच येतो. कडा सुटल्या की ट्रे बाहेर काढा, गरम असताना हात लावू नका, मोडते. ॲस्पार्टेमच्या (चहात टाकतात त्या बिनसाखरेच्या) गोळ्या ओव्हनसाठी नकोत, आचेवर गोडी जाते.
आणि चिंगीला एरिथ्रिटॉलचीही रोज देऊ नका. तूप नि कुटाची चरबी कुत्र्याच्या स्वादुपिंडाला झेपत नाही. सासूबाईंना भाकरीचा कोरडा तुकडा द्या हातात. त्यांना भरवायचं असतं, काय भरवलं याचं त्यांना काही नाही.

मेडिकलवाला, धुळे
एक राहिलं. तुमच्या ह्यांना हृदयाचा त्रास असेल तर एरिथ्रिटॉलचं आधी डॉक्टरांना विचारा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात ते जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका नि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं. त्यानेच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण रोज ताटभर नको.

अमळनेरची सूनबाई
हृदयाचं काही नाही, तरी विचारते. पुडा फोडलेला नाही. आणि समजा कुणाकडून चुकून चिंगीच्या तोंडात गेलंच तर?

मेडिकलवाला, धुळे
लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, तडक पशुवैद्याकडे. वेष्टन सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. ती झोकांड्या खायला लागली आणि शुद्धीवर असेल तर वाटेत हिरड्यांना मध चोळा. पुढे सलाईनमधून ग्लुकोज ते देतील. तेवढ्यात बरी दिसली तरी यकृताची तपासणी करून घ्या, ते एक-दोन दिवसांनी बिघडू शकतं.
पुडा दिरांना परत करा, त्यांच्याकडे कुत्रं नसेल तर. टाकायचाच झाला तर उकिरड्यावर नको, गल्लीतली कुत्री तिथेच असतात. बादलीभर पाण्यात विरघळवून मोरीत ओता.