मदत हवी आहे: बाबांचा सीटी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये स्ट्रोक. आता मानेच्या नसांसाठी कोणती अँजिओ?

नमस्कार. लिहिणं लांबलं आहे, पण तपशील गाळले तर माझा प्रश्न कळणार नाही.

बाबा ७१ वर्षांचे, राहायला लालबागला. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. गेल्या मंगळवारी सकाळी सातला चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. आईला काही म्हणायला गेले तर शब्द नीट उमटेनात, उजवा हात नुसता लोंबत होता. भावाने टॅक्सीत घालून जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. मी डोंबिवलीला असते. फास्ट पकडून दादरला उतरले आणि तिथे पोचेपर्यंत साडेनऊ झाले. तोवर सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला होता: रक्तस्राव नाही, बाकी काही ठळक नाही. हातात ताकद परत आली होती, जीभ मात्र अजून जड होती. "सीटी नॉर्मल आहे, बीपी वाढलं होतं, घरी न्या," असं सांगण्यात आलं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. दुपारी बाबा वरणभात जेवले, रात्री अकराला आईशी बोलून झोपले.

बुधवारी पहाटे पाचला उठायला गेले आणि पलंगाशेजारीच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा बंद. या वेळी १०८ला फोन करून मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे पुन्हा साधा सीटी झाला आणि लगेच एमआरआय. डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन चित्रं शेजारीशेजारी लावून दाखवली. डिफ्यूजन नावाच्या चित्रात मेंदूच्या डाव्या बाजूला पांढरा डाग लख्ख दिसत होता, आणि फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रातही तो उमटला होता. फ्लेअरमध्ये दिसतंय म्हणजे साडेचार तास उलटून गेले असण्याची शक्यता जास्त, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही, असं त्यांनी समजावलं. मेंदूतल्या मोठ्या नसा उघड्या होत्या, त्यामुळे तार घालून गुठळी काढण्याचा प्रश्नच नव्हता.

आता बाबा वॉर्डात आहेत. एकेक शब्द बोलतात. मानेच्या डॉपलरमध्ये (नसांची सोनोग्राफी) डावी कॅरॉटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी नस, ६० ते ७० टक्के अरुंद आढळली. ते नक्की करायला अँजिओग्राफी (नसांचं चित्र) हवी आहे, पण किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.७ आहे आणि सीटी अँजिओला नसेतून डाय (नसा उठून दिसाव्यात म्हणूनचं औषध) द्यावा लागतो, त्याची किडनीसाठी काळजी वाटते. एमआर अँजिओ डायशिवाय होते असं एका नातेवाइकाने सांगितलं. मग तीच का करू नये?

दुसरं, मंगळवारचा तो सीटी चुकीचा वाचला गेला होता का? हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. भांडायला जायचं म्हणून विचारत नाहीये, मला समजून घ्यायचं आहे. तिसरं आईबद्दल. तिला सहा वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. उद्या तिच्यावर अशी वेळ आली तर तिचा एमआरआय होणारच नाही का?

प्रतिसाद

ताई, मी पालिकेच्या रुग्णालयात रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांचाच. पण मशीनसमोर बरीच वर्षं गेली आहेत.

मंगळवारचा सीटी बरोबर वाचला असण्याचीच शक्यता आहे. ताजं रक्त सीटीत लगेच पांढरं दिसतं, म्हणून रक्तस्राव आहे की नाही हे तो काही मिनिटांत सांगतो. नस बंद होऊन झालेला स्ट्रोक मात्र मेंदूच्या त्या भागात सूज येऊन पाणी साठेपर्यंत सीटीत दिसत नाही, आणि त्याला कित्येक तास लागू शकतात. डिफ्यूजन एमआरआय वेगळं काही पकडतो. रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात, पाणी पेशीत शिरतं आणि तिथे त्याची हालचाल मंदावते. हे काही मिनिटांत सुरू होतं. अगदी लहान डाग, खास करून मेंदूच्या देठातले, पहिल्या दिवशी त्यातूनही निसटू शकतात, पण सीटीच्या मानाने ते फार थोडे.

म्हणून चूक झालीच असेल तर ती सीटीनंतर झाली. हात लुळा पडलेला, जीभ जड, सात वाजताची वेळ माहीत आणि सीटीत रक्त नाही, अशा पेशंटला आमच्याकडे ताबडतोब न्यूरोकडे पाठवतात. नॉर्मल सीटी म्हणजे इंजेक्शनचा विचार करायला वाट मोकळी. लक्षणं ओसरत असली आणि इंजेक्शन द्यायचं नाही असं ठरलं, तरी अशा माणसाला घरी सोडत नाहीत. पुढचे दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात.

अँजिओबद्दल: डाय न देता होणारी एमआर अँजिओ वाहत्या रक्तावरून चित्र काढते. जिथे प्रवाह घुसळतो तिथे नस आहे त्यापेक्षा जास्त अरुंद दिसू शकते, शिवाय पेशंटला बराच वेळ स्थिर पडावं लागतं. सीटी अँजिओ काही सेकंदांत होते आणि नसेच्या भिंतीवरचा चुना स्पष्ट दाखवते. १.७ क्रिएटिनिन म्हणजे दार बंद असं नाही. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) किती आहे ते विचारा, सलाईन देऊन डाय देणार का तेही विचारा. मात्र दिवस घालवू नका. नसेचं ऑपरेशन करायचं ठरलं तर ते स्ट्रोकनंतर शक्यतो दोन आठवड्यांत व्हावं, असा डॉक्टरांचा आग्रह असतो.

आईंचं पेसमेकर कार्ड शोधा. बरेच नवे पेसमेकर १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) एमआरआय मशीनमध्ये चालतात, पण मॉडेल आणि वायर दोन्ही तपासावं लागतं आणि स्कॅनपुरता तो एमआरआय मोडवर टाकावा लागतो. पहाटेच्या गडबडीत हे जमणं कठीण. तेव्हा सीटी आणि सीटी अँजिओवरच काम चालवतात, आणि ते चालतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. "सीटीनंतर" हा शब्द वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. बाबांची जीभ जड आहे हे मी स्वतः ऐकलं होतं, तेव्हा हे माहीत असतं तर मी तिथून हलले नसते.

सकाळच्या राउंडला विचारलं. ईजीएफआर ४२ आहे. सलाईन लावून उद्या सीटी अँजिओ करणार आहेत, दुपारी पुन्हा क्रिएटिनिन बघून.

आईचं कार्ड देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये सापडलं, विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात. भावाने त्याचा फोटो काढून आम्हा तिघांच्या फोनमध्ये ठेवला आहे. मॉडेल नंबर पुसट झालाय, तो हृदयाच्या डॉक्टरांकडून शनिवारी लिहून आणते.