मदत हवी आहे: आईचा फ्लॅट, हक्कसोडपत्र आणि मृत्युपत्र (पुणे)

नमस्कार मंडळी,

सहकारनगरमधला आमचा फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर होता. ते मृत्युपत्र न करता गेले. नॉमिनी आई असल्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर करून दिलं, आणि घरात सगळ्यांना वाटतं की विषय संपला. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई आणि आम्ही तिघं भावंडं समान वारस आहोत. म्हणजे आज आईने मृत्युपत्र केलं तरी ते तिच्या पाव हिश्श्यापुरतंच.

आम्हा भावंडांत वाद नाही, देवाची कृपा. तिघंही आईच्या नावे हक्कसोडपत्र (आपापला हिस्सा तिला सोडून देत असल्याचा दस्त) नोंदवून द्यायला तयार आहोत. तिच्या हयातीत घर पूर्णपणे तिचंच असावं, असं मला मनापासून वाटतं. काही नातेवाईक आईने थेट मुलांच्या नावे बक्षीसपत्र (गिफ्ट डीड) करावं असं सुचवतात (मुद्रांक शुल्क कमी म्हणून), पण या वयात तिच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या नावावर करणं मला पटत नाही.

अडचणी दोन. धाकटा भाऊ अमेरिकेत आहे. तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) पाठवून इथे हक्कसोडपत्र कुणी नोंदवलंय का? दुय्यम निबंधक कार्यालयात काय काय मागितलं?

दुसरी, आईला जिना उतरवत नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, दोन साक्षीदार पुरतात, हे माहीत आहे. तरी तिला ते नोंदवायचंच आहे. अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात, त्याचा अर्ज पुण्यात कसा करायचा? डॉक्टरांचा दाखला कसा लागतो?

अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.